काकांनी केलेला पांढरा फळा

जगातल्या निम्म्या दुःखांचं मूळ लोखंडाच्या गंजात आहे असं मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा निघाला. काकांचा जन्म चौलचा, आणि खारी हवा खिळा कसा खाते हे बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं. घरात कड्या पितळेच्या, बादल्या प्लास्टिकच्या, कपडे वाळत घालायला नायलॉनची दोरी. पाहुणा आला की आधी वाकून त्याच्या मोटारीचा खालचा पत्रा बघायचा, मग "या, बसा." माझ्या लग्नात कुणीतरी लोखंडी कपाट दिलं. सगळे कौतुक करत होते, तेवढ्यात काका कानाशी येऊन म्हणाले, "दोन पावसाळे. तिसरा नाही बघायचं ते." कपाट अजून धडधाकट आहे, पण हे त्यांना सांगायची माझी छाती नाही.

गेल्या वर्षी मावशीला अर्धांगाचा झटका आला. काठीने चालू लागली, पण उजवा हात लुळा पडला आणि जीभ वळेना. समजायचं सगळं, तोंडातून नुसता आवाज यायचा. काका पाणी, शाल, चष्मा एकेक पुढे करायचे, आणि तिला हवं असायचं भलतंच. शेवटी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. ते बघवत नसे. अलिबागच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डाव्या हाताने चुंबकाची अक्षरं फळ्यावर लावता येतात का बघा. बाजारात मिळाली ती इंग्रजी. काका उखडलेच. "मराठी शाळेत हयात गेली तिची. तिच्यापुढे एबीसीडी मांडू? मी करतो."

वाडीतल्या फणसाच्या फळ्या पडवीत आल्या आणि रंधा सुरू झाला. चौकट एकही खिळा न मारता, खाचेत खाच बसवून. तीत प्लायवूड, वर पांढरा रंग दिलेला पत्रा. पातळ प्लायमधून सगळी बाराखडी कापली, काने-मात्रे वेगळे, आणि प्रत्येकाच्या पाठीला बारकं चुंबक. मी मदतीला गेले तर मला पॉलिशपेपर देऊन दिवसभर एकटा 'ळ' घासायला लावला. पंधरा दिवसांनी मावशीला समोर बसवून काकांनी 'श्री' लावलं. ते घसरून खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. नारळ पाडायला आलेला गडी पायरीवरून म्हणाला, "काका, पत्रा अल्मुनचा हाय. त्याला न्हाय धरायचं. लोखांड लागतं."

हे काकांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण लोखंड घरात आणायचं नाही हे हाताला इतकं ठाऊक, की त्याने डोक्याला विचारलंच नाही. मावशी अर्ध्या तोंडाने खुदकन हसली. काका मात्र रंधा मांडीवर घेऊन खाली बसले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः रेवदंड्याला गेले आणि लोखंडी पत्रा मागितला. दुकानदाराने माणूस ओळखून दोनदा विचारलं, "लोखंडीच ना? नक्की?" घरी आणून त्यांनी तो बसवला, रंगवला.

"गंजेल की हो काका," मी म्हटलं.

"गंजू दे. तोवर बोलून घेईल ती."

रंग वाळल्यावर मावशी फळ्यासमोर बसली. डावा हात अक्षरांवरून बराच वेळ फिरत राहिला. तिने 'अ' लावला. मग 'ह' शोधला. मग काना, आणि त्यावर मात्रा, जरा तिरकी. अहो. काका पुढच्या शब्दाची वाट बघत उभे होते, पाणी म्हणते की चहा म्हणून. पण मावशीने हात मांडीवर ठेवून दिला. तिचं बोलणं संपलं होतं.

तिने लग्नापासून कधी त्यांचं नाव घेतलं नाही. या एका हाकेवर सारा संसार झाला, आणि चार महिने त्या घरात काकांना कोणी 'अहो' म्हणून हाक मारली नव्हती. आमच्यापैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नाही, याची मला अजून लाज वाटते. काकांनी 'ओ' दिली, पण ती ओठांतच राहिली. मावशीला ऐकू गेली असावी.