कारण : पापड वाळवणे

शनिवार, ५ जुलै २००३, संध्याकाळचे सव्वासहा. ठिकाण : एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या इमारतीची गच्ची, पाण्याच्या टाकीखालची कोरडी जागा. हजर : मी, तिसरा मजला. समोरच्या फ्लॅटमधल्या शिक्षिका, ज्यांना अख्खी इमारत ‘बाई’ म्हणते. बरोबर माझ्या खालच्या घरात राहणारी, जवळच्याच निर्मळ गावचं माहेर असलेली मैत्रीण. दोऱ्या तीन. आणि जिन्याच्या दारात सोसायटीचे सेक्रेटरी, हातात चावीची वही.

त्यांनी वही उघडली आणि मोठ्याने वाचलं, “कारण : पापड वाळवणे.” मग कोसळणाऱ्या पावसाकडे पाहिलं. “वहिनी, कुठायत पापड?”

इथवर कशा आलो ते सांगते.

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी माझं ब्लडप्रेशर दोनदा मोजलं आणि गोळी सुरू करू या म्हणाले. मी तीन महिने मागून घेतले. “मग रोज अर्धा तास घाम गाळा आणि डोकं शांत ठेवा,” ते म्हणाले. डोकं शांत ठेवायला माझी हरकत नव्हती. पण त्याच आठवड्यात दहावीत जाणाऱ्या लेकीवर मी उशीच्या अभ्र्यावरून ओरडले होते, इतकी की ती जेवायला उठली नाही. विरारचं ऑफिस, दिवसाआड येणारा टँकर, सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, यातलं काहीही कमी होणार नव्हतं. कमी व्हायचं होतं ते मलाच.

सवयीप्रमाणे यादी केली. फ्रिजवर कागद चिकटवला आणि आठवडाभर रिकामा वेळ सापडला की लिहीत गेले. मला फुरसतच नसते, असा माझा कित्येक वर्षांचा दावा होता. कागदाने तो आठ दिवसांत निकालात काढला. ऑफिसातून आल्यावर चहाचा कप घेऊन मी आदल्या रात्री पाहिलेल्या मालिकेचा तोच भाग पुन्हा पाहत होते. रोज. शिवाय टँकरची वाट पाहत खाली उभी असायचे, आणि कुकरसमोर शिट्ट्या मोजत.

नवी यादी अशी झाली : टँकरची वाट पाहताना टाचा वर-खाली. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओटा धरून उठाबशा. मालिकेच्या जागी दोरीउड्या.

पहिल्या संध्याकाळी हॉलमध्ये जेमतेम वीस उड्या झाल्या आणि बेल वाजली. दारात खालची मैत्रीण.

“वर मसाला कुटताय का?”

मी दोरी दाखवली. ती आत येऊन सोफ्यावर बसली. “माहेरी फुलांच्या टोपल्या सायकलला बांधून हिंडायचे, तेव्हा त्याला कुणी व्यायाम म्हटलं नाही. इथे लग्न होऊन आले आणि बसून बसून गुडघे धरले. मलाही घ्या. पण माझ्या डोक्यावर नाही, दुसरीकडे कुठेतरी.”

दुसरीकडे म्हणजे गच्ची. गच्चीची चावी सेक्रेटरींकडे, आणि चावीसाठी वही : तारीख, फ्लॅट, वेळ, कारण. तोवर बाईही आमच्यात आल्या होत्या. त्यांनी जाऊन सरळ सांगितलं, व्यायाम करायचा आहे. सेक्रेटरी म्हणाले, “गच्ची उड्या मारायला नाही. नियमात वाळवण बसतं.”

बाई जिन्यात थांबल्या. आयुष्यभर मुलांना खोटं बोलू नये असं शिकवत आलेल्या त्या बाई हळूच म्हणाल्या, “मग वाळवण घालू या.”

पहिल्या दिवशी आम्ही एका ताटात चार पापड खरोखर वर नेले, नियमाचा मान म्हणून. दुसऱ्या दिवशी ताट विसरलं. वही मात्र भरत गेली. पापड, कुरडया, सांडगे, मिरच्या, सगळं बाईंच्या मोत्यासारख्या अक्षरात. “एवढं वाळवण सगळ्या नंदाखाल गावानं मिळून केलं नसेल,” मैत्रीण म्हणायची आणि हसता हसता तिच्या उड्या चुकायच्या. मला दहाव्या दिवशी सलग पन्नास जमल्या. पाऊस सुरू झाल्यावर आम्ही टाकीखाली सरकलो. बाईंचा हात मात्र सवयीने पापडच लिहीत राहिला.

“कुठायत पापड?” सेक्रेटरींनी पुन्हा विचारलं.

“खाल्ले,” मैत्रीण म्हणाली.

“चेष्टा नकोय. ही खोटी नोंद आहे. आणि या वयात दोऱ्या कसल्या मारताय? समोरच्या बिल्डिंगमधून लोक बघतात. जेवल्यावर खाली कंपाउंडमध्ये शतपावली घाला ना, कोण नको म्हणतंय?”

लोक बघतात याचं मला काही वाटलं नाही. ‘खोटी नोंद’ मात्र लागलं. माझ्या आयुष्यातल्या याद्यांत चुका असतील, खोटं नाही. आणि माणूस खरं बोलत होता. मी त्यांच्या हातातून वही घेतली. ‘पापड वाळवणे’वर एक सरळ रेघ मारली, शेजारी ‘दोरीउड्या, रोज, सव्वासहा ते पावणेसात’ लिहिलं आणि खाली सही केली.

“असं चालत नाही, वहिनी. महिलांतर्फे अर्ज द्या, कारणासहित. कमिटी विचार करेल. तोपर्यंत गच्ची बंद.”

वही माझ्या हातातच होती, म्हणून पानं मागे उलटली. दर रविवारी दुपारी याच टाकीखाली सेक्रेटरी आणि त्यांचे तीन मित्र चटई टाकून रमी खेळतात, हे इमारतीत सगळ्यांना माहीत होतं. रविवारच्या नोंदी शोधल्या. जानेवारीपासून एकही चुकली नव्हती. मी वाचून दाखवलं, “कारण : टाकी तपासणे. कारण : टाकी तपासणे. कारण : टाकी तपासणे.”

“टाकीत किती पत्ते निघाले, भाऊ?” मैत्रिणीने विचारलं.

बाईंनी पदर तोंडाला लावला. सेक्रेटरींनी माझ्या हातातून वही घेतली आणि उतरून गेले. चावी आमच्याकडेच राहिली होती. पावणेसातला अजून बराच अवकाश होता, म्हणून आम्ही उरलेल्या उड्या पूर्ण केल्या. समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीत खरंच दोघेजण उभे होते. मी तिकडे तोंड करून मारल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कारण न विचारता चावी दिली. महिनाअखेर डॉक्टरांनी आकडा पाहून गोळी पुढे ढकलली. पुढे काही वर्षांनी ती लागलीच, ते लपवत नाही. ओरडणंही अगदी थांबलं नाही, पण आता त्याला ओरडण्याजोगं कारण असायचं. रोजचा तो अर्धा तास मात्र मी पुन्हा कुणाकडे मागितला नाही.

अर्जाची आठवण सेक्रेटरींनी त्या वर्षी तीनदा करून दिली. “यादीत आहे,” मी दर वेळी सांगितलं, आणि होताच. २००३च्या डायरीतून तो २००४च्या डायरीत गेला, तिथून पुढच्या. सेक्रेटरी दोनदा बदलले. मी दर जानेवारीत ती ओळ नव्या पानावर नीट अक्षरात उतरवून घेते. बाकीच्या कामांवर रेघा पडतात, हिच्यावर पडलेली नाही :

सोसायटीला अर्ज देणे, कारणासहित.