तांदळात हात घालणारी मडम

निजामाच्या राज्यात सगळं नांदेड पोलीस अमीनाला भीत असे, आणि तो अमीन आमच्या माडीवरच्या मडमला भीत असे. ती हंगेरीची. हंगेरी कुठे आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. तिकडच्या वर्तमानपत्रांत ती लिहायची. इकडच्या बायकांवर पुस्तक लिहायचं म्हणून आली आणि माझ्या वडिलांकडे भाड्यानं राहिली. डोक्यावर पुरुषाची टोपी घालून भर उन्हात ती घाटावर जायची, धुणाऱ्या बायकांमध्ये फतकल मारून बसायची. ठेचा खाऊन रडायची आणि रडत रडत आणखी मागायची. मराठी तिनं आमच्या धुणेवालीकडून उचललेलं. बाईला काही विचारलं आणि शेजारचा पुरुष बोलला की ती त्याच्यावर ओरडे, "ए भाऊ, तू गप. मी बाईला इचारून राहिले." अमीन तिचा परवाना बघायला यायचा. त्याला ती अर्धा तास जिन्यात उभा करी आणि वरून म्हणे, "थांब जरा, वाक्य पुरं होऊन राहिलं."

लोक हे सगळं हसत सांगतात. मला हसू येत नाही. मला तिचा राग आहे.

माझं लग्न लोह्याला ठरलं. नवरीबरोबर सासरी पाठराखीण जाते, एखादी म्हातारी आत्या नाहीतर धाकटी बहीण. मडम म्हणाली, "मी जाते." वडील म्हणाले, "अहो, लोक काय म्हणतील?" ती म्हणाली, "तेच तर लिहायचंय." आणि बैलगाडीत माझ्या शेजारी टोपी घालून बसली.

सासरी तांदळाचं ताट पुढे आलं. त्यात नवरा अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितो. माझं नाव वेणू. यांनी लिहिलं सरस्वती. चौथीतून शाळा सोडवलेल्या पोरीचं नाव सरस्वती ठेवलं आणि मांडवात कुणालाच हसू आलं नाही. मडमनं विचारलं, "हे काय लिहून राहिला?" कुणीतरी सांगितलं. झालं. तिनं ताटात हात घातला आणि तांदूळ भातासारखे कालवून टाकले.

"आमच्याकडं बाईचं समदंच नाव जातं," ती ओरडली. "नवऱ्याच्या नावाला शेपूट लावलं की झाली त्याची बायको! मी शेपूट तोडलं, नवराबी तोडला. हिचं नाव हाय की चांगलं, वेणू!"

लगेच अपशकुन झाला म्हणून बायका रडायला लागल्या. सासरे म्हणाले, पोरगी परत न्या. मला पोचवायला आलेले माझे वडील त्यांच्या पाया पडले, तेव्हा कुठे मला ठेवून घेतलं. तांदूळ सारखे करून यांनी पुन्हा सरस्वती लिहिलं. मडमला त्याच गाडीतून परत धाडलं. तिचं काय, ती गेली. भोगायचं मला होतं. गाय आटली तरी माझ्यामुळे, पाऊस लांबला तरी माझ्यामुळे. तिला आमच्यासाठी भांडायचं होतं, ठीक. पण भांडून झाल्यावर इथे राहणार कोण, हे तिनं एकदा तरी विचारायचं!

वर्षभरानं दुपारी दारात हाक आली, "वेणूऽ!"

सासूबाई बाहेर गेल्या. "हितं कोणी वेणू न्हाई."

"मग मी हितंच उभी राहते."

भाकरी तव्यावर टाकून मी तांब्या घेऊन बाहेर आले. "काय गं मडम, आणखी काय मोडायचं राहिलं?"

ती पाणी प्यायली. युरोपात लढाई पेटली होती. तिचा देश इंग्रजांच्या शत्रूकडे गेला म्हणून तिला इथून हलवत होते. अमीन रस्त्यावर टांग्यात बसला होता. "जाऊन राहिले," ती म्हणाली. "शिव्या दे."

मी दिल्या. पोटभर दिल्या. तिनं टोपी काढून मान खाली घालून सगळ्या ऐकल्या, आणि गेली. मी तशीच उंबऱ्यात उभी राहिले.

आतून सासूबाई ओरडल्या, "अगं ए वेणू, भाकर जळून राहिली!"

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. मी मात्र ओ दिली. त्यानंतर त्या घरात ते नाव पुन्हा कुणी घेतलं नाही.