बायकोचा वेगळा अर्ज

गावात टँकरचं पाणी, आणि आमच्या सहकारी साखर कारखान्याला नवं यंत्र बसवायला परदेशी इंजिनिअर हवा होता. त्याच्या व्हिसासाठी कारखान्याचं हमीपत्र टाइप करून घ्यायला मी बीडला कचेरीबाहेरच्या टायपिस्टकडे गेलो. एकच झिजलेला कार्बन तो दिवसभर पुरवून वापरायचा.

इंजिनिअरचं पत्र झाल्यावर मी दुसरा कागद पुढे केला.

"हे कुणाचं?"

"त्याच्या बायकोचं. तिचा अर्ज वेगळा लागतो."

त्याची बोटं थांबली.

"माझे माय-बाप ऊसतोडीला जायचे. मुकादम दोघांचा मिळून एकच कोयता लिहायचा, बापाच्या नावावर. मायचं नाव कुठंच न्हाई."

मग त्यानं खोक्यातून कोरा कार्बन काढला आणि कधीही न पाहिलेल्या त्या बाईचं नाव टाइप केलं.