वहिनी मागे जाऊन आली

आता माझं वय झालं. हे मी दादाला कधी सांगितलं नाही, बायकोलाही नाही. तुम्ही ऐका, बस्स.

माझी वहिनी मागे जाऊन यायची. मागे म्हणजे — गेलेल्या दिवसांत! दुपारची भांडी आवरली की मागच्या अंगणात मांडी घालून बसायची, डोळे मिटायची. श्वास इतका हळू, की बघणाऱ्याला धास्ती वाटावी. तिची आई लहानपणीच गेलेली. उठली की म्हणायची, आईला भेटून आले, चुलीवरची भाकर अजून गरम होती. घरातले हसायचे, मी सगळ्यांत जास्त. शाळेत सायन्स शिकवणारा मास्तर ना मी — मोठा शहाणा!

एकदा दादासमोर तिला डिवचलं. "वहिनी, एवढं जमते तर बाबा गेले त्या दुपारी जाऊन दाखवा नं." काय दुर्बुद्धी सुचली? ती दुपार तर मलाच नको होती. पण तिला जाता येणारच नाही, अशी माझी खात्री होती.

बाबा पलेगात गेले. साथ आली की घरं सोडून शेतात झोपड्या टाकायच्या, तशा आम्ही कळमेश्वरच्या वाटेवर टाकल्या होत्या. दादा डॉक्टरला आणायला गेलेला. बाबांजवळ मी एकटा. वहिनी तेव्हा दूर तिच्या माहेरी, परकरातली पोर. आमच्या घराचं नावही तिनं ऐकलं नव्हतं.

ती बसली. किती वेळ, कोण जाणे. डोळे उघडले तेव्हा गाल ओले होते.

"मामाजीनं पाणी मांगतलं," — कधी न पाहिलेल्या सासऱ्याला ती मामाजीच म्हणे — "भाऊजी, तुमी भरला गडवा घेऊन दारात उभे होते. आत नाही गेले. त्याइनं पाहिलं तुमाले. मंग कूस बदलली — तुमाले लाज वाटू नये म्हून."

गडवा खरा. दार खरं. पलेगाच्या गाठीच्या भीतीनं माझे पाय हलले नाहीत, तेही खरं. पण कूस का बदलली — ते तर मलाही ठाऊक नव्हतं! इतकी वर्षं मी समजत होतो, त्यांनी मला पाहिलंच नाही. ती तिथं जाऊन आली होती, दुसरं काय म्हणू? वेळ गेली म्हणतो आपण — जाते कुठं? ती दुपार अजून तिथंच आहे, बाबा तहानलेले, मी दारात. आजही हे आठवलं की आपोआप हात जोडले जातात.

आणि तेव्हा मी काय केलं? हसलो. "काहीच्या काही! बाबा तं झोपेतच गेले. दादा, वहिनीच्या डोक्यावर असर झाला गा."

दादाचा माझ्यावर विश्वास. त्यानं तिचं बसणं बंद केलं, कायमचं. आईकडे जायची तिची तेवढी एकच वाट होती, आणि हे मला माहीत होतं.

पुढं वहिनी मरेपर्यंत, मी शाळेतून आलो की तीच पाण्याचा गडवा भरून माझ्या हातात द्यायची. मी घटाघटा प्यायचो.