कुमुदताईंनी ताट रिकामं ठेवलं तो रविवार

आमचा नातू श्रीरंग गुरुग्रामला एका मोठ्या कंपनीत आहे. आमच्या दिल्लीतल्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या स्मरणिकेचं काम यंदा त्याच्या गळ्यात पडलं, तेव्हा तो मला म्हणाला, "आबा, निरोगी मंडळी कशी वाढवायची, ती कशी चालवायची, याचे सात-आठ पॉइंट्स लिहून द्या ना. छोटेच हवेत हं." मी म्हटलं, बाळा, मी राहुरीकडच्या एका खेड्यातल्या मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला माणूस. मॅट्रिक पुढे बाहेरून बसून केली. आमच्या मास्तरांना पाच आणि तीन किती विचारलं, तरी ते आधी शेळीची गोष्ट सांगायचे. मला पॉइंट येत नाहीत, मला कुमुद साळवे येते. तर तीच देतो.

तुमच्यापैकी पुष्कळांनी पांढऱ्या केसांची कुमुदताई पाहिली आहे. मी सांगतोय ती १९६८ सालची, चोवीस वर्षांची, आणि दिल्लीतल्या प्रत्येक गोष्टीला घाबरणारी. किती घाबरणारी? बसमध्ये कंडक्टरला "रोको" म्हणायची तिची हिंमत होत नसे. आपला थांबा आला आणि दुसरं कुणी उतरलं नाही, तर ही तशीच पुढे जायची. मग जिथे कुणी उतरेल तिथे त्याच्यामागून उतरून उलटी चालत यायची. कोटला मुबारकपूरच्या भाड्याच्या खोलीत ती आणि तिची दमेकरी आई राहायच्या. आई म्हणायची, "आमच्या कुमुदला पगार खात्याचा, पण चालणं डाकियाचं."

गुरुवारच्या प्रार्थनेला आम्ही गोल करून हात धरून बसायचो आणि ओळीनं एकेक जण प्रार्थना करायचा. ज्याला करायची नसेल त्यानं शेजारच्याचा हात दाबायचा, म्हणजे पाळी पुढे सरके. कुमुद इतक्या जोरात हात दाबायची, की माझी बायको अहिल्या घरी येऊन बोटं चोळत बसायची. "पोरगी मोठ्यानं प्रार्थना करील तेव्हा माझी बांगडी वाचेल," असं म्हणायची.

आता मंडळी म्हणजे तेव्हा काय, तर चाळीस-एक कुटुंबं. नगरची, जालन्याची, पुण्याची, आणि जवळजवळ सगळी सरकारी नोकरीतली. एका मोठ्या इंग्रजी चर्चच्या मागचा हॉल आम्हाला रविवारी दुपारी दोन वाजता मिळायचा. आम्हाला स्वतःचे पाळक, म्हणजे दीक्षा घेतलेले धर्मगुरू, नव्हते. मेरठहून एक पाळकसाहेब तीन महिन्यांतून एकदा येऊन प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीचा पाव आणि द्राक्षरस, द्यायचे. एकमेकांविषयी मनात अढी ठेवून ते घ्यायचं नसतं. एरवी आम्ही पंचच उपासना चालवायचो. प्रभुभोजनाची तयारी कुमुदकडे होती, कारण तिच्या वडिलांनी मरेपर्यंत ती केली होती. आदल्या दिवशी मनुका भिजवायच्या, उकळून मलमलीतून गाळायच्या, पावाच्या कडा कापून चौकोनी तुकडे करायचे, लहान पेले भरायचे आणि सगळ्यावर पांढरं कापड घालायचं. हे काम तिला आवडे. त्यात कुणाशी बोलावं लागत नसे.

तिचे वडील मी होतो त्याच सरकारी खात्यात शिपाई होते. ते गेल्यावर तिला टायपिस्ट म्हणून घेतलं, पण तात्पुरतं. एका महिन्याच्या नोटिशीवर कधीही काढता येईल असं. कायम झाली तर आईचं औषध, खोली, सगळं निभणार होतं. नाही झाली तर दोघींनी जालन्याला कुणाच्या दारात उभं राहायचं ते ठरवावं लागणार होतं. तिला कायम करण्याची फाईल माझ्या टेबलावरून वर जायची होती, आणि वर बसले होते विश्वासराव आढाव, आमचे अंडर सेक्रेटरी. गंमत बघा. ऑफिसात ते माझे साहेब, आणि मंडळीत ते नुसते एक पंच, मी पंचांचा सचिव. कुमुद ऑफिसात मला "सर" म्हणायची आणि हॉलमध्ये "गुणवंतभाऊ". विश्वासरावांना मात्र दोन्हीकडे काहीच म्हणायची नाही. ते दिसले की भिंतीला लागायची.

भांडण झालं ते एका खुर्चीवरून. हॉलमध्ये सगळीकडे बाकं, फक्त पुढे एक हातांची गादीची खुर्ची. त्यावर विश्वासराव बसायचे, कुणी ठरवलेलं नसताना. मी सचिव झालो आणि तत्त्वाचा माणूस झालो. एका रविवारी लवकर जाऊन मी ती खुर्ची मागच्या खोलीत टाकली. विश्वासराव आले, रिकाम्या जागेकडे बघितलं आणि काही न बोलता बाकावर बसले. खरं सांगतो, त्या न बोलण्यानंच माझी पाचावर धारण बसली. बढती ठरवणारा माझा गोपनीय अहवाल दरवर्षी त्यांच्याच हातून लिहिला जायचा.

दोन दिवसांनी एक फाईल त्यांच्याकडून परत आली. शेऱ्यात दोनच शब्द इंग्रजीत, म्हणजे मराठीत "भेटून बोला". मला वाटलं, आत बोलावून झाडणार. खुर्ची परत ठेव म्हणणार. मी ती फाईल खणात टाकली. कुणाची फाईल आहे हे मी नीट बघितलंसुद्धा नाही.

एक आठवडा गेला, महिना गेला. मी साहेबांच्या केबिनमध्ये पाऊल टाकलं नाही, कामाचे कागद शिपायाकरवी पाठवत राहिलो. हॉलमध्ये साहेब लोक उजव्या हाताच्या बाकांवर आणि आम्ही कारकून डाव्या हाताला बसू लागलो. निघताना जो सलाम आपण सगळे करतो, तो मधल्या वाटेपाशी येऊन थांबायचा. तीन कुटुंबं येईनाशी झाली. मी वहीत त्यांच्यापुढे "गैरहजर" लिहायचो आणि मोठं काम केल्यासारखा वही मिटायचो.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी पाळकसाहेब आले. बाहेर धुकं, आत थंडी, लोक स्वेटरात हात घालून बसलेले. उपदेश झाला, गीत झालं. पाळकसाहेबांनी मेजावरचं पांढरं कापड उचललं. ताट रिकामं. पेले रिकामे, घासून पुसून चकचकीत केलेले, पण रिकामे.

पाळकसाहेबांनी मागे वळून पाहिलं. "कुमुदबाई, काही विसरलं का?"

ती मागच्या दारात उभी होती. दोन्ही हातांनी चौकट घट्ट धरलेली. तिनं तोंड उघडलं. आवाज आला तो फाटका.

"विसरले नाही, साहेब. आणलं नाही."

"का बरं?"

"इथे एकमेकांशी बोलत नाहीत. तीन महिने झाले. मागच्या वेळी मी गप्प वाढलं. तेव्हापासून मला झोप नाही. एकाच ताटातलं दोन्हीकडे कसं वाढू? मला भीती वाटते."

तिनं कुणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. उजवीकडची सगळी डोकी माझ्याकडे वळली आणि डावीकडची विश्वासरावांकडे. मी बुटांकडे बघत बसलो. लहानपणी आमच्या गावात विहिरीत उतरलेल्या माणसाचा दोर सुटला होता. वर उभे असलेले सगळे जण "धरा, धरा" ओरडत होते, आणि धरत कुणीच नव्हतं. त्या दिवशीची ती विहीर मला आठवली. उठावंसं वाटत होतं.

पाळकसाहेब म्हणाले, "मग थांबू या." आणि खाली बसले. दहा मिनिटं झाली असतील. कुणीतरी खोकलं. विश्वासराव उठले नाहीत, मी उठलो नाही. शेवटी पाळकसाहेबांनी कापड परत अंथरलं, आशीर्वाद दिला आणि लोक उपाशी पंगतीतून उठावेत तसे निघाले. कुमुदची आई तेवढी बोलली. "अगं, आधी सांगायचंस. मी या धुक्यात छाती भरून आले ती कशासाठी? घरीच थांबले असते."

घरी येऊन अहिल्या एवढंच म्हणाली, "त्या पोरीची नोकरी जाईल आता. तुम्ही तत्त्व घेऊन बसा."

सोमवारी मी ऑफिसात गेलो तर कुमुद माझ्याआधी मशीनवर बसलेली. डोळे सुजलेले. मी दुसराच एक कागद शोधायला खण उघडला, आणि तळाची ती फाईल वर आली. वर लिहिलं होतं, "अस्थायी टंकलेखिका कु. कुमुद साळवे यांस कायम करण्याबाबत." शेरा "भेटून बोला", खाली ऑक्टोबरची तारीख.

कोणती फाईल कुणाच्या टेबलावर आहे, याचं रजिस्टर आमच्याकडे कुमुदच लिहायची. मी ते ओढून घेतलं. दर सोमवारी, तिच्या नीटस अक्षरात, आपल्याच फाईलपुढे तिनं लिहिलं होतं, "श्री. पाटोळे यांचेकडे." म्हणजे माझ्याकडे. तीन महिने, न चुकता. तिला सगळं माहीत होतं. तरी हॉलमध्ये तिनं त्यातला एक शब्द काढला नव्हता.

फाईल घेऊन मी केबिनच्या दारात गेलो. आत जायची इतकी भीती मला शाळेत इन्स्पेक्टरसमोर पाढे म्हणतानाही वाटली नव्हती.

विश्वासरावांनी मान वर केली. "या. तीन महिने लागले तुम्हाला वीस पावलं चालायला."

"साहेब, या फाईलमध्ये काय अडचण होती?"

"काहीच नव्हती."

"मग भेटून बोला कशाला लिहिलंत?"

ते चष्मा काढून पुसत बसले. "तुला बोलवायचं होतं रे. खुर्ची उचललीस ते बरोबर केलंस. घरी बायको हसून हसून बेजार झाली. पण साहेबानं कारकुनाकडे जाऊन हे म्हणायचं कसं, ते मला ठाऊक नाही. फाईलवर लिहिणं तेवढं ठाऊक. समोर तीच फाईल होती."

मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही तिची फाईल निरोपाला वापरलीत, आणि मी रागाला."

"हां. आणि काल ती आपल्या दोघांपुढे उभी राहिली. पाटोळे, मला रात्रभर तिचे हात दिसत होते. मी उठायला हवं होतं. मी घाबरलो, यार."

अंडर सेक्रेटरीनं मला यार म्हटलं. मी खुर्चीत बसलो, न विचारता. मग त्यांनी घंटी दाबून कुमुदला बोलावलं.

ती आली ती हातात कागद घेऊनच. आम्ही बोलायच्या आत तिनं तो टेबलावर ठेवला. राजीनामा. रीतसर, कार्बन लावून तीन प्रतींत टाईप केलेला, एकही चूक नाही.

विश्वासरावांनी वाचला. "या तीन प्रती कशाला?"

"एक आपली, सर. एक सेक्शनची. एक... एक मी आईला दाखवायला. म्हणजे ती मला काढलं म्हणून रडणार नाही. मीच सोडली असं होईल."

विश्वासरावांनी पेन काढलं. त्यांनी फाईल उघडून सही केली, तारीख घातली आणि फाईल तिच्याकडे वळवली. कुमुदनं वाचलं, परत वाचलं आणि मटकन खाली बसली, फरशीवरच. मी पाणी आणायला धावलो. शिपाई दारात बघतच राहिला, की आज पाटोळेबाबू पाणी का भरतायत. राजीनाम्याच्या तिन्ही प्रती विश्वासरावांनी खिशात घातल्या. पुढच्या रविवारी त्या त्यांनी सगळ्यांसमोर काढून दाखवल्या, खुर्चीची आणि फाईलची गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगितली, आणि मीही माझी सांगितली. पण ते नंतर.

आधी त्या आठवड्यात काय झालं ते सांगतो. पाळकसाहेबांना तार केली, ते पुन्हा यायला तयार झाले. बुधवारी संध्याकाळी आमच्या दारापाशी कुणीतरी उभं असल्याची चाहूल लागली. कडी वाजेना. अहिल्यानं फटीतून बघितलं. कुमुद. हात कडीपर्यंत न्यायची आणि मागे घ्यायची. अहिल्या दार उघडायला निघाली, मी तिला थांबवलं. का कोण जाणे, मला वाटलं, वाजवू दे हिला. चांगली पाच मिनिटं गेली, मग कडी वाजली.

"सलाम, गुणवंतभाऊ. या वेळी मी मनुका विकत आणणार नाही. घराघरातून मूठमूठ मागणार आहे. आणि..." तिनं हातातली कापडी पिशवी उघडली. "कुणाशी काही असेल तर तेही सांगा. मी त्यांच्याकडे जाईन."

"तू जाशील? तुला भीती नाही वाटणार?"

"वाटते ना. तुमच्याकडे यायचं म्हणून आज जेवलेसुद्धा नाही."

अहिल्यानं तिला आधी पोळी-भाजी वाढली, मग मनुका दिल्या.

त्या आठवड्यात ती एकोणचाळीस घरी गेली. येईनाशी झालेली ती तीन कुटुंबंही त्यात होती. त्यातली एक बाई दारातच म्हणाली, "आम्ही येत नाही हे कुणाच्या लक्षात तरी आलं का?" कुमुद म्हणाली, "तुमच्या मनुका नाहीत, म्हणून आले." पुढच्या रविवारी तीनपैकी दोन घरं आली. तिसरं पुन्हा कधी आलं नाही, हेही लिहितो, कारण श्रीरंगच्या कंपनीतल्या सेमिनारमध्ये हे सांगत नाहीत. त्या दिवशीचा रस जरा काळपट होता, कुणाकुणाच्या मनुका जुन्या होत्या. विश्वासराव आणि मी एकाच बाकावर बसलो. ते जाड होते, मला अर्धंच बूड टेकायला मिळालं.

कुमुदनं पुढं एक्केचाळीस वर्षं, प्रत्येक प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात ही फेरी केली. मिंटो रोडच्या सरकारी घरांतून मंडळी पांगली, कुणी नोएडाला, कुणी द्वारकेला, तरी केली. आम्ही नोएडाला आलो तेव्हा दाराला भिंग होतं. मी त्यातून बघायचो. साठी उलटलेली बाई, हातात कापडी पिशवी, बोट बेलवर ठेवून उभी. बेल दाबायला तेवढीच पाच मिनिटं. एकदा मी विचारलं, "कुमुदताई, अजून?" तर म्हणाली, "तुमच्या सोसायटीचा वॉचमन फार मोठ्यानं बोलतो हो."

ती गेल्यावर ती पिशवी माझ्याकडे आली. मी ब्याऐंशीचा आहे, आणि मलाही त्या पाच मिनिटांची ओळख झाली. गेल्या महिन्यात मी एका घरी बोललो ते बोलायला नको होतं. त्यांना माहीत आहे, मलाही. तिकडे परवा गेलो होतो, लिफ्टनं वर गेलो, बेलपाशी उभा राहिलो आणि परत खाली आलो. तुम्ही हे वाचत असाल, तर या शनिवारी तुमच्याकडे पुन्हा येतोय. मनुका दिल्या नाहीत तरी चालेल, पण दार उघडा. आणि लिफ्ट बंद असली तर कृपा करून तुम्हीच खाली या, माझ्या गुडघ्यांचं काही खरं नाही.

— गुणवंत पाटोळे, नोएडा