कोटाच्या खिशातल्या अक्षता

पावतीकाकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे, पावत्या असत. इथल्या पावत्यांची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून ते आयर्लंडमधल्या आमच्या मलिंगार गावच्या लायब्ररीत जाऊन त्यांच्या झेरॉक्स काढून आणत. नागपूरहून मुलाकडे राहायला आलेले हे गृहस्थ आम्हा चार मराठी घरांच्याही पावत्या सांभाळायचे.

आम्ही ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीखाली वाढलेली माणसं. माझी नवी किटली आठवड्यात गळायला लागली, तेव्हा मी ती गुपचूप टाकून द्यायला निघाले होते. काकांनी मला दुकानात नेलं. दारातच माझे पाय अडखळले.

“काहून घाबरून राहिली तू?” ते म्हणाले. “माल खराब आहे, तू नाही.”

दहा मिनिटांत नवी किटली घेऊन आम्ही बाहेर.

नियमाचे मात्र ते पक्के होते. “खराब निघालं तर आपला हक्क. नुसतं मनातून उतरलं, तर दुकानदाराची मेहेरबानी. मेहेरबानी मागताना खोटं नाही बोलायचं.” मी मान डोलवायची.

मग डब्लिनला मैत्रिणीचं लग्न निघालं. गुडघ्यामुळे काकांना जमणार नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हाताने अक्षता रंगवून माझ्याकडे दिल्या. मी त्याच आठवड्यात एक महागडा कोट घेतला, लेबल बाहीत दडवून लग्नात दिवसभर मिरवला, आणि सोमवारी काकांना म्हटलं, “मापात बसत नाही हो, घातलाच नाही. येता का सोबत?” असला हलकटपणा मला किती सहज जमला!

काउंटरवरची बाई काकांना ओळखायची. “शी इज लाइक माय डॉटर,” काका तिला म्हणाले, “नॉट वोअर्न.”

“देन यू आर ग्रँड,” म्हणजे ‘मग काही हरकत नाही’, असं म्हणत तिने सवयीने कोटाचे खिसे उलटे करून पाहिले. चिमूटभर लाल तांदूळ काउंटरवर सांडले. तिला काहीच उमगलं नाही; ती पैसे परत द्यायला तयारच होती. काकांनी एकेक दाणा वेचला, कोटाची घडी घातली आणि “सॉरी, वी कीप,” एवढं म्हणून ते वळले. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

बाहेर आल्यावर कोट माझ्या हातात देत ते म्हणाले, “माल चांगला आहे.”

पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. त्या दुकानाची पायरीही चढले नाहीत. महिन्याभराने नागपूरला परतले, तेव्हा प्रत्येकाच्या झेरॉक्स ज्याच्या त्याला देऊन गेले. माझ्या पाकिटात कोटाचीही होती.

पुढच्याच महिन्यात कोटाची शिवण बगलेत उसवली. पावती होती, आता हक्कही खरा होता. काकांना फोन करून सांगावंसं वाटलं, माल खराब निघाला म्हणून. कोणत्या तोंडाने सांगणार? मी सुईत दोरा ओवला.