देव्हाऱ्यातली हार्ड डिस्क

झेंडूचा वास आला की मला वडपे गावातल्या गोडाऊनचं ते ऑफिस आठवतं आणि अजून डोकं फिरतं! दसऱ्याला आमच्या मॅनेजरने कॉम्प्युटरची पूजा केली, बॅकअपच्या हार्ड डिस्कलाही हळदकुंकू लावून हार घातला, इथवर ठीक. पण नंतर डिस्क परत जोडायची सोडून त्याने ती सरळ देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. मी ऑपरेटर, नवीनच होतो, म्हटलं, "काका, वायर लावल्याशिवाय बॅकअप होत नाही." तर हा हमालांसमोर हसतो, "आरं, गोडाऊनची लक्ष्मी हाय ती, टेबलावर धुळीत ठेवू काय? देवाला शिकवतो व्हय?" रोज संध्याकाळी स्क्रीनवर लाल अक्षरात 'बॅकअप झाला नाही' यायचं आणि हा शहाणा न वाचताच ते बंद करायचा. होळीच्या आधी कॉम्प्युटर बसला! कुठला माल कुठल्या रॅकवर, काहीच कळेना, हायवेपर्यंत गाड्या उभ्या, ड्रायव्हर ओरडतायत, "अरे भाई, माल दे ना!" मॅनेजरसाहेब मात्र ऐटीत चपला काढून देव्हाऱ्याकडे गेले, डिस्क आणून माझ्या हातात दिली, "घे, बघ आता." दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघितली, तर त्यात दसऱ्यापर्यंतचाच माल, तोही कधीच निघून गेलेला. त्यावर हा माणूस काय म्हणाला माहितीये? "तुझी श्रद्धाच न्हाय, म्हणून असं झालं." आता मी पडघ्याला दुसऱ्या गोडाऊनमध्ये आहे; दसऱ्याला सगळे आरती म्हणत असतात आणि मी टेबलाखाली वाकून वायर लावत असतो.